पाय दाखव

"पाय दाखव."

शाळेतल्या टीचर माझ्या बापाला म्हणाल्या. चर्चच्या मागे, नळापाशी, पवित्र गुरुवारच्या दुपारी. आबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. त्याने एक पाय उचलला आणि तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिसरी-चौथीत असेन. आबाचा सगळा भार माझ्या डोक्यावर होता.

टीचर वाकल्या नाहीत. त्यांच्या हातात छत्री होती, तिचं टोक त्यांनी आबाच्या टाचेजवळ नेलं. टाच फाटलेली. भेगांमध्ये काळं बसलेलं. आदल्या आठवड्यापर्यंत आबा गुजरातेत ऊस तोडत होता. उसाचा चीक, माती, पाचटाने कापलेली कातडी. विटेच्या तुकड्याने त्याने बराच वेळ घासलं होतं. रक्त निघालं, काळं निघालं नाही.

"हे पाय फादरांच्या हातात द्यायचे?" टीचर म्हणाल्या. मग मागे उभ्या असलेल्या, गावांत प्रार्थना घेणाऱ्या प्रचारकाला म्हणाल्या, "याला नको. फोटो निघतात."

झालं. आबाच्या जागी शाळेचा क्लार्क घेतला.

आबा हसला. दात दाखवून हसला, पँट खाली केली आणि आमच्या बोलीत मला म्हणाला की बरं झालं, मलाच लाज वाटत होती. मला आधी टीचरांचा राग आला नाही. आबाचाच आला. माणूस असा कसा हसतो? तो राग माझ्या पोटात राहिला आणि मी मोठी होईपर्यंत त्याला त्याची खरी जागा सापडली नाही.

आता हे काय होतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले. म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर बारा माणसांना वेदीसमोर खुर्च्यांवर बसवतात. स्वतः गुडघ्यावर येतात. एकेकाच्या पायावर पाणी घालतात, पुसतात, पायाला ओठ लावतात. मोठ्याने लहानाचे पाय धुवायचे, असा त्याचा अर्थ. आम्हाला तरी तसंच शिकवलं.

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चखालच्या सगळ्या गावांत, त्याच्या आधी आणखी एक विधी होता. तो कुठल्या प्रार्थनेच्या पुस्तकात नाही. दुपारी डोंगराकडच्या गावांतल्या माणसांना नळावर बोलवायचं. विटेचा तुकडा आणि कपड्याचा साबण द्यायचा. पाय घासून घ्यायचे. मग टीचर बघणार आणि पास झाला तो खुर्चीवर. शहरातले चार-दोन जण बारांत असायचेच, पण ते कधी नळावर आले नाहीत. ते संध्याकाळी घरून थेट बूट-मोजे घालून यायचे. त्यांचे मोजे आत काय लपवतात ते कोणी बघितलं नाही.

तेव्हाच्या फादरांना हे माहीत होतं का? मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते की नसेल माहीत. पण नळ त्यांच्या खोलीच्या खिडकीसमोर आहे.

आमचं शहर छोटं. नवापूरच्या अलीकडे, सुरतच्या रस्त्यावर. टीचरांचे सासरे बाहेरून रेल्वेत नोकरीला म्हणून आले आणि राहिले. अशी तीन-चार घरं. चर्चमध्ये पंख्याखालचे बाक त्यांचे, गायनाची पेटी त्यांची, कमिटी त्यांची. बाकी आम्ही. खाली चटईवर, गावागावांतून चालत, टेम्पोत बसून आलेले. मिस्सा आमच्यामुळे भरायची, पण चालायची त्यांच्या हाताने.

आणि चर्च बांधलं कोणी? माझ्या आजाने. एकट्याने नाही, त्याच्या गावाने. पहिले पाद्री सायकलवर आले तेव्हा मिस्सा मोहाच्या झाडाखाली व्हायची. मग पाया घालायचा ठरला आणि रंगावली नदीतून दगड आणले. बायकांनी पाट्या वाहिल्या, माणसांनी मोठे दगड. आजा अनवाणी वाहायचा. आबा लहान होता, मागे मागे चालायचा. चर्चच्या पायरीखालचा एक दगड दाखवून आबा आजही सांगतो की हा माझ्या बापाने आणला, आणताना पायाचा अंगठा चेचला. चेचलेल्या अंगठ्याचा तो पाय कोणी तपासला नव्हता. तेव्हा दगड हवे होते.

मी सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये शिकले. खोटं कशाला बोलू, तिथे नसते तर आज मी कोयता घेऊन उसातच असते. दोन वेळचं जेवण, पुस्तकं, इंग्रजीची अक्षरं, सगळं तिथलं. पण उपकाराचं ताट पुढे आलं की मी आधी ताट देणाऱ्याचे डोळे बघते. ही सवय मला तिथेच लागली. नवरा म्हणतो, तू चांगल्या माणसावरही संशय घेतेस. घेते. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पितो. मला तर ताकानेही भाजलं.

कारण बाहेरचे काही वेगळे नव्हते. बाजारात आम्हाला दूध-पावडरवाले ख्रिस्ती म्हणायचे, म्हणजे फुकटच्या पावडरीसाठी बाटलेले. जातीचा दाखला काढायला गेले तर टेबलापलीकडचा माणूस ख्रिस्ती नाव आणि आदिवासी आडनाव वाचून वर बघायचा, मग पुन्हा नाव वाचायचा. तुम्ही नक्की कोण? चर्चमध्ये आम्ही डोंगरातले, बाजारात आम्ही चर्चवाले. दोन्हीकडे उंबऱ्याबाहेर.

मी नर्स झाले. सरकारी दवाखान्यात लागले. लोकांच्या जखमा धुते, पू काढते, बाळंतपणं करते. कोणाला आधी स्वच्छ होऊन ये म्हणून परत पाठवलेलं मला आठवत नाही.

यंदा पॅरिशचं जुबिली वर्ष. आत्ताचे फादर तरुण आहेत, गोड बोलतात, सगळ्यांना अहोजाहो करतात. टीचरांचंही आता वय झालंय, पण कमिटी सुटली नाही. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा फादरांनी मला बोलावून सांगितलं की तुम्हाला कमिटीत घेतोय. वर चहा दिला, बिस्किटंही. मी कप हातात धरून विचार करत बसले. इतकी वर्षं नाही, आणि आताच का? कुठंतरी पाणी मुरतंय.

दोन मीटिंगा झाल्या तरी काही कळेना. चर्चच्या भिंतीवर जुने फोटो लावायचं ठरलं. एका फोटोत माझा आजा आहे, उघड्या अंगाने, डोक्यावर दगड. खाली लिहिलंय: फादरांसोबत स्थानिक बांधव. फादरांचं नाव आहे. मी म्हटलं, बांधवांनाही नावं होती, मी विचारून आणते. टीचर म्हणाल्या, जागा पुरणार नाही.

तिसऱ्या मीटिंगला कळलं. पवित्र गुरुवारची मिस्सा यंदा मोबाइलवर लाइव्ह दाखवणार होते, बाहेरगावची माणसं बघणार होती. बारांमध्ये आता बायकाही बसतात, त्यात टीचर स्वतः होत्या. आणि जुनं घराणं म्हणून, जुबिलीचं निमित्त म्हणून, फादरांनी आबाचं नाव घातलं होतं. आबाचं! ते ऐकून माझा जीव एकदम हलका झाला. क्षणभर वाटलं, आपणच वाईट. उगाच संशय घेतो.

मग टीचर माझ्याकडे वळल्या.

"पाय तू बघायचे," त्या म्हणाल्या. "तू नर्स आहेस, तुला किळस नाही. आणि तुझी माणसं तुझं ऐकतात."

चहा, बिस्किटं, कमिटी. सगळ्याचा हिशोब लागला. छत्री आता मी धरायची होती.

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं ना? पण आबा होता मध्ये. मी नाही म्हटलं तर त्याचं नाव राहील का? एकदा गेलेलं आहे. त्याची सत्तरी उलटली. पुढच्या जुबिलीला तो नसणार. मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. टीचरांनी ते हो धरलं आणि साबण, पाय घासायचे दगड, टॉवेल आणायचं काम माझ्याकडे दिलं.

बसस्टँडजवळच्या दुकानात गेले. शेठ म्हातारा झालाय. मी लहान असताना तो आमच्या हातून पैसे घेत नसे, फळीवर ठेव म्हणायचा. आता मला सिस्टर म्हणतो, कारण त्याची साखर मी तपासते. एवढे दगड कशाला म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, पाय घासायला. मग फादर पाय धुतात. शेठने चष्मा वर केला.

"तुमना फादर धोयेलच पाय धोवस का वं, माय?" तो म्हणाला.

तुमचा फादर धुतलेलेच पाय धुतो का? सरळ प्रश्न. दुकानात उभी असलेली दोन माणसं हसली. माझे कान तापले. त्याला काय अधिकार? ज्याने आमच्या हातचा रुपया घेतला नाही, त्याने आम्हाला विचारावं? मला ठाऊक होतं, तो टोमणाच मारत होता, उद्या कोणालातरी रंगवून सांगणार होता. पण रस्ताभर मी उत्तर शोधत होते आणि सापडत नव्हतं. जे आम्हाला इतक्या वर्षांत विचारता आलं नाही, ते त्याने वजनकाट्यामागून विचारलं.

घरी आले तर आबा अंगणात बसला होता. पाय बादलीत. हातात खडबडीत दगड. आई म्हणाली, नाव आल्यापासून रोज हेच चाललंय. मी त्याचा उजवा पाय बाहेर काढला. टाचेची कातडी निघाली होती, आतलं लाल मांस दिसत होतं. आबाला साखर आहे. साखरेच्या माणसाच्या पायाला अशी जखम म्हणजे काय, ते मी दवाखान्यात बघते. पाय काळा पडतो. कापावा लागतो.

मी ओरडले. वेडा झालास का, पाय घालवशील. जखम धुतली, पट्टी बांधली. पट्टी झाल्यावर आबाने माझा हात धरला आणि हळू म्हणाला की या वेळी मला बसू दे. मी म्हातारा झालो. तू काही बोलू नको. आमच्या बोलीत म्हणाला. लहान पोराने जत्रेला जाऊ दे म्हणावं तसं.

आणि तेव्हा तो जुना राग पोटातून वर आला आणि त्याला त्याची जागा सापडली. आबा तेव्हा हसला होता तो लाचार म्हणून नाही. पोरगी बघत होती म्हणून हसला. बाप रडला तर पोरगी घाबरेल म्हणून. आणि मी इतकी वर्षं त्याच्यावरच रागावले. जिच्यावर रागवायचं तिला मात्र रोज नमस्कार टीचर, नमस्कार टीचर!

गुरुवारी दुपारी नळावर गेले. डोंगराकडची आठ-नऊ माणसं ओळीने उभी होती, पोल्ट्रीत काम करणारे दोघे, उसावरून आलेले, एक म्हातारी. सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. आबा ओळीत शेवटी, पांढऱ्या पट्टीवर उभा. टीचर खुर्ची टाकून सावलीत बसल्या होत्या. पायांत बंद सँडल, आत मोजे.

साबण आणि दगड मी पिशवीतून काढलेच नाहीत. पिशवी त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली.

"टीचर, पाय दाखवा," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं की तुम्हीही बारांत आहात. बघायचे तर सगळ्यांचे बघू, सुरुवात तुमच्यापासून करू. मी खाली बसले त्यांच्यासमोर आणि हात पुढे केला. मला खरंच किळस नाही. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चेहरा लाल झाला. "मी घरून स्वच्छ येते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ही माणसंही घरूनच आली आहेत.

ओळीतल्या म्हातारीने वाकून आपल्या चपला घातल्या. मग पोल्ट्रीतल्या दोघांनी घातल्या. आबा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे मी विसरणार नाही. त्यात शाबासकी नव्हती. या वेळी तू माझं घालवलंस, एवढंच होतं.

आवाज ऐकून फादर बाहेर आले. हसत आले. म्हणाले, इतकं मनावर घेऊ नका, आरोग्यासाठी आहे हे, तुम्ही तर नर्स. मी म्हटलं, फादर, दवाखान्यात जखम धुवायला आणतात, धुऊन आणत नाहीत. धुतलेलेच पाय धुवायचे असतील तर विधी कशाला?

शेठचा प्रश्न मी उसना घेतला. घेतला तर घेतला. माझ्याकडे माझा होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

फादरांनी घड्याळ बघितलं. मोबाइल लावणारी माणसं दारात उभी होती, ऐकत होती. फादर म्हणाले, ठीक आहे, सगळे जसे आहात तसे बसा. ते पटलं म्हणून म्हणाले की लोक ऐकत होते म्हणून, ते मला माहीत नाही. मला दुसरं कारणच खरं वाटतं.

संध्याकाळी चर्च भरलं. वेदीसमोर खुर्च्या. टीचरांची खुर्ची रिकामी, त्या घरी निघून गेल्या होत्या. फादर एकेकापुढे गुडघ्यावर येत होते. पाणी, टॉवेल, ओठ. उसाचे पाय, पोल्ट्रीचे पाय, म्हातारीचे वाकड्या बोटांचे पाय. मी चटईवरून फादरांचे हात बघत होते. पूर्ण तळवा लावतात की नुसती बोटं? ओठ टेकतात की वरच्या वर?

मग आबा. शेवटची खुर्ची. आबाने उजवा पाय पुढे केला, पट्टीचा. मोबाइलवाला जवळ सरकला. फादरांनी पट्टी बघितली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दुसरा पाय द्या."

पट्टी भिजू नये म्हणून म्हणाले असतील. असेलही. मी नर्स आहे, मीही तेच म्हटलं असतं. पण मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं नसतं.

आबा थांबला. पुढे केलेल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने तो पाय मागे घेतला आणि दोन्ही पाय खुर्चीखाली एकाला एक लावून ठेवले. आबाला शाळेची मराठी येत नाही. बाजारात बोलतो ती अहिराणी तो बोलला, आणि माइक जवळ होता म्हणून सगळ्या चर्चने ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या फादर. मी घरथून धोईसन येल शे."

राहू द्या. मी घरून धुऊन आलोय.

फादर तांब्या हातात घेऊन गुडघ्यावर तसेच राहिले. पेटीवाला वाजवायचं विसरला. आबा हसत नव्हता. तो समोर बघत बसला होता, आणि मिस्सा संपेपर्यंत तसाच बसून राहिला, खुर्चीवर, वेदीसमोर. चटईवर आला नाही.

घरी येताना मी त्याला विचारलं, का रे असं केलंस, तुला तर बसायचं होतं. तो म्हणाला, बसलो की.

जे माझ्या बापाला इतकी वर्षं हवं होतं, ते त्याला मिळालं नाही. मिळू शकत होतं, आणि मी नळावर तोंड उघडलं नसतं तर कदाचित मिळालंही असतं, घासलेल्या पायावर. हे मी स्वतःपासून लपवत नाही. त्याची टाच अजून भरलेली नाही. रोज पट्टी मी करते.

कमिटीच्या मोबाइल ग्रुपमधून मला काढलं. कोणी काढलं ते लिहिलेलं नव्हतं. मग ईस्टर झाल्यावर फादरांचा फोन आला. पुढच्या वर्षी नळावरचं बंद करू, ते म्हणाले, फक्त टीचरांना एकदा भेटून वाईट वाटलं म्हणा, मोठ्या आहेत. मी ऐकून घेतलं. बंद करणार तर माझ्या वाईट वाटण्याची अट कशाला? मी सांगितलं, मला वाईट वाटलेलं नाही.

शेठनेही परवा विचारलं. आता तरी सोडाल का ते चर्च, म्हणाला, आपल्यात परत या. त्याच्या 'आपल्यात' माझा आजा कधी होता ते मी विचारलं. तो साखरेच्या गोळ्यांविषयी बोलू लागला.

मी कुठेही जाणार नाही. चर्च सोडणार नाही. पायरीखाली माझ्या आजाचा दगड आहे, त्याला अंगठ्याचं रक्त लागलेलं आहे. जायचंच असेल तर ज्यांनी दगड वाहिले नाहीत त्यांनी जावं. फोटोखाली आजाचं नाव लागेल, नाही लावलं तर मी खडूने लिहीन, पुसलं तर परत लिहीन.

पुढच्या पवित्र गुरुवारी दुपारी मी ड्युटी घेणार नाही. नळापाशी येऊन उभी राहणार आहे. फादरांनी शब्द दिला असला तरी. शब्दावर माझा विश्वास नाही, नळावर आहे. तो तिथेच असतो. माझ्या माणसांना कोणी पाय दाखव म्हणालं, तर त्याला आधी स्वतःचे मोजे काढावे लागतील. माझ्यासमोर, भर उन्हात.